पहिली बोट स्लिपमध्ये नीट बसत नाही: मापं कुठे चुकतात आणि ती कशी सुधारायची

नवीन बोट घेतलेल्यांकडून दर हंगामात तीच तक्रार ऐकू येते. बोट २८ फुटांची, स्लिप (धक्क्यावरची बोट बांधायची जागा) ३० फुटांची, मग अडतंय कुठे? कुठे अडतंय ते पहिल्या काही आठवड्यांतच दिसायला लागतं. वर उचललेलं इंजिन बोटींच्या येण्याजाण्याच्या रस्त्यात बाहेर आलेलं असतं आणि मरीनाच्या, म्हणजे बोटी ठेवायच्या बंदराच्या, कार्यालयातून निरोप येतो. शेजारून कोणी गेलं की उठणाऱ्या लाटेवर बोटीची कड बाजूच्या धक्क्याला घासते. जरा वारा सुटला की आत शिरताना बोट आडवी होते. मग मालक वाऱ्याच्या दिवशी बोट बाहेर काढणं टाळतो, हळूहळू चांगल्या दिवशीही टाळतो. या शेवटच्या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. एवढ्या हौसेने घेतलेली बोट नुसती बांधून पडते, आणि दोष ना बोटीचा असतो ना चालवणाऱ्याच्या हाताचा. जागाच चुकीच्या मापाची घेतलेली असते.

माझं म्हणणं असं आहे की पहिल्या बोटीसाठी स्लिप निवडताना लांबीला जेवढं महत्त्व दिलं जातं त्याच्या निम्मं जरी रुंदीला दिलं तरी यातल्या बहुतेक तक्रारी उरणार नाहीत. लांबी चुकली तर पैसे जास्त जातात किंवा बोलणी बसतात. रुंदी चुकली तर प्रत्येक येण्याजाण्यात धाकधूक राहते.

नव्याने येणाऱ्यांसाठी दोन ओळी. मुख्य धक्क्यापासून काटकोनात निघालेल्या अरुंद पट्ट्यांना फिंगर म्हणतात. दोन फिंगरमधलं पाणी म्हणजे स्लिप. समोरासमोरच्या दोन ओळींमधला पाण्याचा रस्ता म्हणजे फेअरवे. काही ठिकाणी दोन फिंगरमध्ये एकच बोट राहते, काही ठिकाणी दोन बोटी शेजारी शेजारी, मध्ये काहीही नसताना. तिला जोडस्लिप म्हणू. हा फरक पुढे कामाला येईल.

लांबी: कागदावरचा आकडा बाजूला ठेवा

बोटीच्या नावातला आकडा ही बोटीची लांबी असते असं गृहीत धरू नका. तो उत्पादकाने दिलेला मॉडेलचा आकडा आहे, खऱ्या लांबीच्या आसपास कुठेतरी असतो. माहितीपत्रकात दिलेली लांबी त्यापेक्षा बरी, पण ती बहुतेकदा नुसत्या हलची, म्हणजे बोटीच्या मूळ अंगाची, असते. आयएसओ ८६६६ या मानकात हलची लांबी मोजताना काढता-घालता येणारे भाग धरत नाहीत: पुढे आलेली काठी, पुढचं रेलिंग, मागची पोहण्याची फळी, आऊटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं) इंजिन. बोटींची तुलना करायला हे ठीकच आहे. फिंगरला आणि शेजाऱ्याला मात्र इंजिनही लागतं आणि नांगरही.

म्हणून स्वतः मोजा. पुढे रोलरवर बसलेल्या नांगराच्या टोकापासून ओळंबा सोडा, मागे पूर्ण वर उचललेल्या इंजिनाच्या टोकापासून सोडा, आणि दोन्ही ओळंब्यांमधलं अंतर सरळ रेषेत मोजा. बोट ट्रेलरवर किंवा यार्डात असेल तर हे सोपं जातं. पाण्यात असेल तर ती धक्क्याला समांतर बांधून दोन्ही टोकांच्या खुणा धक्क्यावर करा. इंजिन उचलूनच मोजायचं, कारण खाऱ्या पाण्यात बहुतेक जण इंजिन उचलूनच ठेवतात आणि उचललं की ते मागे जातं. हल २८ फुटांचं, नांगर दीड फूट पुढे, ब्रॅकेटवरचं इंजिन अडीच फूट मागे: झाली ३२ फूट. मागे डेव्हिटवर (होडी उचलून टांगायच्या दांड्यांवर) छोटी होडी टांगत असाल तर आणखी तीन-चार फूट धरा.

एककांचाही घोळ होतो. स्लिप मीटरमध्ये आणि बोट फुटांत असेल तर दोन्ही आकडे एकाच एककात लिहून बघा. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, म्हणजे ती १२ मीटरच्या वर्गात बसत नाही आणि भाडं पुढच्या वर्गाचं पडतं. ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर, १० मीटरच्या जागेत नांगरासकट आरामात राहते. बोट ठरवण्याआधी हे कळलं तर निवडच बदलू शकते.

भाडं बहुतेक मरीनांत बोटीची एकूण लांबी किंवा स्लिपची लांबी, यातलं जे जास्त असेल त्यावर लावतात. कार्यालय स्वतःच्या टेपने मोजतं, म्हणून अर्जात माहितीपत्रकातला आकडा लिहून काही साधत नाही. उलट विम्याच्या कागदावर एक आणि करारावर दुसरा आकडा पडला, तर अपघातानंतर प्रश्न विचारले जातात.

बाहेर किती येऊ द्यायचं? प्रत्येक मरीनाचा नियम वेगळा, तो लेखी मागा. फिंगर बोटीपेक्षा थोडा आखूड असणं यात काही गैर नाही. फिंगर बोटीच्या ८०-९० टक्के लांबीचा असला तरी चढता-उतरता येतं आणि दोर नीट बांधता येतात. पण नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, मुख्य धक्क्याच्या वर येता कामा नये. रात्री डोक्याच्या उंचीवर आलेला नांगर हा अपघातच आहे, फक्त अजून घडलेला नाही.

रुंदी: खरी गोष्ट इथे आहे

लांबी आणि रुंदी एकमेकींच्या प्रमाणात वाढतात असं वाटतं, पण तसं होत नाही. अमेरिकेत खास परवान्याशिवाय रस्त्यावरून ओढता येणाऱ्या बोटीच्या रुंदीची प्रचलित मर्यादा ८ फूट ६ इंच आहे, म्हणून तिथल्या बाजारासाठी बनलेल्या २६ फुटांपर्यंतच्या कितीतरी बोटी नेमक्या तेवढ्याच रुंद असतात. त्यापुढे ट्रेलरचं बंधन सुटलं की ३० फुटांची बोट सहज १० फूट किंवा जास्त रुंद होते. लांबीत चार फूट वाढले, रुंदीत दीड किंवा जास्त. ३० फुटांच्या स्लिपमध्ये २६ फुटांची बोट बघून "आपलीही बसेल" असं ठरवणारे इथे फसतात.

आकारही बघा. जुन्या घडणीच्या शिडाच्या बोटी मध्यावर रुंद आणि मागे निमुळत्या असतात, दोर बांधल्यावर मागच्या कोपऱ्यांना श्वास घ्यायला जागा राहते. नव्या घडणीच्या बोटी जवळजवळ सगळी रुंदी मागच्या टोकापर्यंत नेतात. कागदावर दोघींची रुंदी सारखी असली तरी नवी बोट स्लिप शेवटपर्यंत भरून टाकते. कॅटमरानची, म्हणजे दोन हल जोडलेल्या बोटीची, गोष्ट तर पूर्ण वेगळी: ४० फुटांची कॅटमरान २० फुटांच्या वर रुंद असते, तेवढ्याच लांबीची एकहली बोट १२ ते १४ फूट. बहुतेक मरीनांत कॅटमरानला फिंगरमध्ये जागाच नसते. ती धक्क्याच्या टोकाला आडवी लागते किंवा दोन स्लिपचं भाडं भरते.

आता हिशोब करू. बोट १० फूट रुंद, रबरी कडेसकट. फेंडरच्या (घासू नये म्हणून बाजूला टांगायच्या फुगीर गादीच्या) जाडीचा रूढ हिशोब असा की बोटीच्या दर चार-पाच फूट लांबीला एक इंच, म्हणजे ३० फुटांच्या बोटीला सहा ते आठ इंचाचे. आठ इंचाचे दोन्ही बाजूंना टांगले की १ फूट ४ इंच गेले. १२ फुटांच्या स्लिपमध्ये उरले ८ इंच, म्हणजे दर बाजूला ४. बांधून ठेवलेल्या बोटीला, शांत पाण्यात, हे पुरतं.

शिरताना मात्र पुरत नाही. बोट २ नॉट वेगाने आत येतेय असं धरा, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. दहा मीटरची बोट पूर्ण आत यायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत आडव्या वाऱ्याने तिला सेकंदाला फक्त १० सेंटीमीटर ढकललं तरी ती एक मीटर बाजूला गेली. आणि तुमच्याकडे आहेत चार इंच, म्हणजे दहा सेंटीमीटर. मुरलेला माणूस वाऱ्याच्या बाजूला तिरकस धरून, वेग राखून हे साधतो. नव्याला घाबरून वेग कमी करावासा वाटतो. वेग कमी केला की आत शिरायला जास्त वेळ लागतो, सुकाणूवरचं पाणी कमी होतं, आणि वारा बोट जास्त सरकवतो. "हळू चालवा" हा सल्ला खरा आहे, पण अरुंद स्लिप आणि आडवा वारा असेल तर तो अर्धाच खरा आहे.

वाऱ्याचा जोर किती असतो याचा अंदाजही बऱ्याच जणांना नसतो. बोटीची वाऱ्यासमोर येणारी बाजू २० चौरस मीटर धरली, तर २० नॉटच्या आडव्या वाऱ्याचा रेटा साधारण १३० किलो वजनाएवढा होतो. ३० नॉटला तो जवळजवळ ३०० किलो. वेग दीडपट झाला की रेटा सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. धक्क्यावर उभा राहून हाताने बोट थोपवणारा माणूस किती वेळ टिकेल याचा विचार करा. आणि कोणालाही बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात किंवा पाय घालू देऊ नका.

म्हणून माझा ठोकताळा: पहिल्या बोटीसाठी, तरंगत्या धक्क्याला, एकट्या स्लिपमध्ये, बोटीची रुंदी अधिक दोन्ही बाजूंचे फेंडर अधिक निदान अडीच फूट मोकळे. १० फुटांच्या बोटीला १४ फूट. त्यासाठी लांबीत एक वर्ग वरची स्लिप घ्यावी लागली तरी घ्या. दोन-तीन हंगामांनी हात बसला की अरुंद जागेत जाता येईल.

रुंदी मोजायची कुठे, यातही चूक होते. नकाशावरची रुंदी कधी कधी फिंगरच्या मध्यापासून पुढच्या फिंगरच्या मध्यापर्यंत दिलेली असते. तुम्हाला हवं ते सर्वात अरुंद ठिकाणचं मोकळं पाणी: एका बाजूच्या रबरी पट्टीपासून समोरच्या खांबाच्या आतल्या कडेपर्यंत. खांब झुकलेला असू शकतो, बाहेर आलेली क्लीट (दोर बांधायची खुंटी) किंवा मागच्या भाडेकरूने ठोकलेले जाड बंपर दोन-दोन इंच खातात. तोंडाशी, मध्ये आणि आत, तीन ठिकाणी टेप लावा आणि सर्वात लहान आकडा धरा.

जोडस्लिपचं गणित शेजाऱ्यावर अवलंबून असतं. २६ फुटांच्या मोकळ्या जागेत तुमची १० फुटांची आणि शेजाऱ्याची १२ फुटांची, उरले ४ फूट, त्यात फेंडर. आज ठीक आहे. पुढच्या वर्षी शेजारी १४ फुटांची बोट आणेल तेव्हा ठीक राहणार नाही, आणि तो तुमच्या हातातला निर्णय नाही. शिवाय नेहमीचा वारा तुम्हाला फिंगरपासून दूर, शेजाऱ्याकडे ढकलत असेल, तर प्रत्येक चुकीची किंमत दुसऱ्याच्या बोटीवर पडते. पहिल्या बोटीला शक्यतो जोडस्लिप नको. घ्यावीच लागली तर वारा तुम्हाला स्वतःच्या फिंगरकडे ढकलेल अशी बाजू मागा. निघताना थोडी जास्त मेहनत पडेल, पण येणं सोपं होईल.

स्थिर धक्का असेल तर आणखी जागा लागते

तरंगता धक्का बोटीबरोबर वर-खाली होतो, म्हणून दोर आखूड आणि ताठ ठेवता येतात. स्थिर, खांबांवरच्या धक्क्याला तसं करता येत नाही. समजा क्लीटपासून बोटीपर्यंत आडवं अंतर ४ मीटर आहे आणि भरती-ओहोटीत ३ मीटरचा फरक आहे. बोट धक्क्याच्या पातळीला असताना दोर ४ मीटर पुरतो, ३ मीटर खाली गेल्यावर ५ मीटर लागतो. म्हणजे दोर ५ मीटरचाच ठेवावा लागतो, आणि भरतीला बोट एक मीटर इकडेतिकडे हिंडते. अरुंद स्लिपमध्ये ती हिंडून खांबाला लागते.

यावर उपाय लांब दोर. तोच दोर ८ मीटर अंतरावर नेला तर ३ मीटर खाली जायला साडेआठ मीटर पुरतो, सैलपणा अर्धाच. म्हणून पुढे-मागे जाण्याला आवर घालणारे स्प्रिंग दोर साधारण बोटीच्या लांबीएवढे ठेवतात, नाळेचे आणि मागचे दोर लांबीच्या दोन-तृतीयांश. दोर नायलॉनचे घ्या, ते ताणतात आणि झटका पोटात घेतात. पण हे सगळं करूनही स्थिर धक्क्याला रुंदीत आणखी दोन फूट मागा.

आत वळायला पाणी आहे का?

स्लिप अगदी योग्य मापाची आहे आणि तरीही बोट वळत नाही, हा प्रकार फेअरवेमुळे होतो. रचना करताना फेअरवे साधारणपणे सर्वात लांब स्लिपच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवतात. ४० फुटांच्या ओळीत दीडपट म्हणजे ६० फूट. दोन्ही बाजूंच्या बोटी चार-चार फूट बाहेर आल्या की उरले ५२. तुमची बोट सगळं धरून ३८ फुटांची असेल तर वळताना फक्त १४ फूट हाताशी.

त्यात बोट पुढे जाताना स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. वळण्याचा बिंदू नाळेपासून साधारण एक-तृतीयांशावर असतो, त्यामुळे नाळ थोडी आत येते आणि मागचा भाग मोठ्या वर्तुळात बाहेर झाडला जातो. एका इंजिनाच्या बोटीला नव्या माणसाच्या हातात हे ५२ फूट कमीच. दोन इंजिनं किंवा बो थ्रस्टर (नाळ आडवी ढकलणारा छोटा पंखा) असेल तर निभावेल. थ्रस्टरवर भरवसा ठेवून अरुंद ओळीत जागा घेऊ नका, ऐन वेळी त्याचा फ्यूज जातो आणि त्याचा जोरही जोरदार वाऱ्यापुढे अपुरा पडतो.

ओळीत तुमची जागा कुठे आहे हेही बघा. अगदी आतल्या टोकाला असाल तर चुकल्यावर पुढे जाऊन परत वळायला पाणी नसतं, मागेच यावं लागतं. तोंडाशी असाल तर वळायला मोकळं, पण जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या लाटा जास्त. नव्यासाठी मी तोंडापासून दोन-तीन जागा आत पसंत करेन.

एक बारकावा, ज्याने रोजचं काम सोपं होतं. हलच्या आत बसवलेलं एकच इंजिन आणि उजवीकडे फिरणारा पंखा (प्रोपेलर) असेल, तर मागच्या गिअरमध्ये बोटीची शेपटी डावीकडे सरकते. नाळ आत घालून शिरता आणि शेवटी थांबायला मागचा गिअर टाकता, तेव्हा फिंगर डावीकडे असेल तर बोट आपोआप त्याला टेकते. उजवीकडे असेल तर दर वेळी दूर पळते. दोन सारख्याच जागा रिकाम्या असतील तर यावरून ठरवा. पंखा कोणत्या बाजूला फिरतो हे बांधलेल्या बोटीत मागचा गिअर क्षणभर टाकून कळतं: पाण्याचा खळखळाट ज्या बाजूने जास्त वर येतो, शेपटी त्याच्या विरुद्ध जाते.

खोली: ओहोटीला जाऊन बघा

"इथे दोन मीटर पाणी आहे" हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न: कधी? समुद्रात खोलीचे आकडे एका ठरलेल्या पातळीपासून मोजतात. काही देशांत ती खगोलीय गणिताने येणारी सर्वात खालची ओहोटी असते, अमेरिकेत रोजच्या दोनांतल्या खालच्या ओहोटीची सरासरी. सरासरी म्हटलं की बरेच दिवस पाणी त्याहून खाली जाणार. हवेचा दाबही हात दाखवतो: दाब एक हेक्टोपास्कल वाढला की पाणी साधारण एक सेंटीमीटर खाली बसतं, म्हणजे १०३३ च्या दाबाला नेहमीपेक्षा सुमारे २० सेंटीमीटर कमी. त्यात जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर आणखी.

समजा बोटीचा तळ पाण्याखाली दीड मीटर जातो आणि स्लिप त्या ठरलेल्या पातळीपासून १.८ मीटर खोल आहे. वरवर ३० सेंटीमीटर मोकळे, उच्च दाबाच्या उधाणाच्या ओहोटीला १०. मग गाळ. धक्क्यांच्या आडोशाला पाणी संथ असतं, म्हणून गाळ तिथेच बसतो, आणि स्लिपच्या तोंडापेक्षा आतल्या टोकाला जास्त. चिखलात कील (बोटीच्या तळाचा खाली आलेला कणा) टेकली तर बहुतेकदा फार बिघडत नाही, पण इंजिनाला गार ठेवणारं पाणी खेचणारं तोंड चिखल ओढू लागलं तर इंपेलर (त्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) आणि मग इंजिनच जातं. उधाणाच्या दिवशी, ओहोटीच्या तळाला, दोरीला शिसं बांधून तीन-चार ठिकाणी खोली स्वतः मोजा. शेवटचा गाळ कधी काढला तेही विचारा. तळ्यात किंवा धरणात भरती-ओहोटी नसते, तिथे कोरड्या ऋतूतली सर्वात खालची पातळी विचारा.

मग सरळ मोठी स्लिप का नको?

रुंदी मागितली म्हणून लांबीही दोन-तीन वर्ग वर नेण्यात अर्थ नाही. २२ फुटांची बोट ४० फुटांच्या स्लिपमध्ये नीट बांधताच येत नाही. क्लीट मोठ्या बोटीच्या हिशोबाने लांब लांब असतात, दोर वेड्यावाकड्या कोनात जातात, पलीकडच्या खांबापर्यंत दोर नेला की तो इतका लांब होतो की बोट झुलत राहते. मोठ्या स्लिप बहुधा तोंडाजवळ, खोल पाण्यात असतात, म्हणजे लाटही जास्त. विजेचा खांबही मोठ्या जोडणीचा असतो आणि लहान बोटीची केबल त्यात बसत नाही. आणि भाडं रिकाम्या पाण्याचं भरता.

पुढे मोठी बोट घेऊ म्हणून आत्ताच मोठी जागा धरून ठेवणारे बरेच असतात. मोठ्या वर्गांची प्रतीक्षा यादी लांब असेल तर त्यात नाव घालून ठेवा, ते शहाणपणाचं आहे. जागा मात्र आजच्या बोटीची घ्या. एक वर्ग वर, रुंदीसाठी, तिथवर ठीक.

बोट अजून घेतली नसेल तर क्रम उलटा करा: आधी कोणत्या मापाची जागा मिळतेय ते बघा, मग बोट. काही मरीनांत अमुक लांबीची जागा आहे पण रुंद बोटीला नाही, हे बयाणा देण्याआधी कळलेलं बरं.

करार झालाय, बोट आत आहे आणि त्रास होतोय

दोन-चार फूट बाहेर येत असेल तर आधी फुकटचे उपाय. डेव्हिटवरची होडी काढून पुढे डेकवर बांधा. नांगर रोलरवरून काढून आत ठेवता येतो का बघा. शेपटी आत घालून बांधून बघा; कधी कधी फिंगर आणि बोटीचा आकार उलट दिशेने जास्त जुळतात. इंजिन खाली ठेवून लांबी वाचवायचा मोह होईल, पण खाऱ्या पाण्यात त्यावर शेवाळ आणि शंख चढतात आणि गंज धरतो. गोड्या पाण्यात चालून जाईल.

घासत असेल तर फेंडर वाढवण्याआधी दोर बघा. बहुतेक वेळा स्प्रिंग दोर फार आखूड किंवा फार उभ्या कोनात असतात आणि बोट पुढे-मागे होताना फिरते. ते लांब करा. खांबावर घासत असेल तर गोल फेंडर सटकतो, त्यापुढे आडवी फळी टांगा किंवा चपटे फेंडर वापरा. फिंगरच्या बाहेरच्या कोपऱ्याला फिरतं रबरी चाक बसवायची परवानगी मागा. चूक होते ती बहुतेक त्याच कोपऱ्यावर.

शिरण्याचा त्रास असेल तर दोन दोर कायमचे लावून ठेवा. पहिला: वारा जिकडे ढकलतो त्या बाजूला, बाहेरच्या खांबापासून मुख्य धक्क्यापर्यंत कमरेच्या उंचीवर ताणलेला दोर. बोट वाऱ्याने सरकली तरी शेजाऱ्यावर जाण्याऐवजी या दोराला टेकते आणि त्याच्या कडेने आत येते. दुसरा: बोटीच्या मध्यावरच्या क्लीटसाठी मापात कापलेला, टोकाला फास असलेला दोर, फिंगरच्या बाहेरच्या टोकाच्या क्लीटला बांधलेला. आत येताना हा फास पहिल्यांदा अडकवायचा. लांबी बरोबर असेल तर नाळ धक्क्याला लागायच्या आधीच बोट थांबते, मग इंजिन हळू पुढच्या गिअरमध्ये ठेवून सुकाणू फिंगरच्या उलट बाजूला वळवलं की बोट फिंगरला चिकटून उभी राहते. आऊटबोर्ड असेल तर पंख्याचा रेटा कुठे जातोय ते बघून चाक जुळवून घ्या. बाकीचे दोर निवांत बांधा. हा एक दोर शिकलात तर अर्धी भीती जाते.

वळायलाच पाणी पुरत नसेल किंवा ओहोटीला बोट टेकत असेल तर दोरांनी काही होणार नाही, जागा बदलून मागा. हंगाम संपताना मागा, तेव्हा जागा रिकाम्या होतात. मागताना बोटीची मोजलेली लांबी, रुंदी, बुडीत खोली आणि फिंगर कोणत्या बाजूला हवा हे एका कागदावर लिहून द्या. कार्यालयातल्या माणसाला "अडचण होते" यापेक्षा चार आकडे जास्त उपयोगी पडतात. धक्क्याच्या टोकाची आडवी जागा मिळत असेल तर एका हंगामापुरती तीही घेऊन बघा. लाटा जास्त लागतात, भाडंही कधी जास्त असतं, पण समांतर येऊन लागणं नव्या माणसाला फार सोपं जातं.

आणि नवीन करारावर सही करताना तीन कलमं वाचाच: किती बाहेर आलेलं चालतं, मरीना तुमची जागा स्वतःहून बदलू शकते का आणि बदलल्यास किमान कोणत्या रुंदीची देईल, आणि बोट विकली तर जागा तिच्याबरोबर जाते की नाही. दुसऱ्या कलमात रुंदीचा आकडा नसेल तर तो लिहून घ्या. लांबीचा तर ते स्वतःच लिहितात.